जन्मघटकेवरील आरोप

मूल तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरते, पुढे पालथे पडते, बसू लागते, रांगते आणि वर्षाच्या आसपास पहिले पाऊल टाकते, हा क्रम आपल्या घरोघरी वडीलधाऱ्या स्त्रियांना तोंडपाठ असतो. एखाद्या मुलाच्या बाबतीत हा क्रम मागे पडू लागला, म्हणजे प्रथम धीर दिला जातो. ‘ह्याचा बापही उशिराच चालला होता’ असे सांगण्यात येते. परंतु महिने उलटतात, मुलाचे पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढू लागतात, मूठ उघडत नाही. आणि मग घरातील सर्वांचे मन एकाच दिशेला धावते. बाळंतपणात काही झाले होते काय? सुईणीने ओढाताण केली काय? डॉक्टरांना यावयास उशीर झाला काय? की आईनेच ऐन वेळी जोर लावला नाही? ह्या प्रश्नांच्या मुळाशी एक समजूत आहे. ती आपल्याला इतकी स्वयंसिद्ध वाटते की, तिलाही एक इतिहास आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आज तो इतिहासच थोडक्यात सांगावयाचा आहे.

ह्या इतिहासातील पहिले नाव विल्यम जॉन लिटल ह्या इंग्रज वैद्याचे. त्यांचा जन्म 1810 साली लंडन शहरात झाला. बालपणीच्या आजाराने त्यांचे डावे पाऊल वाकडे झाले होते. ह्या व्यंगावर उपाय शोधीत 1836 साली ते जर्मनीत हानोव्हर येथे श्ट्रोमायर ह्या शस्त्रवैद्यांकडे गेले. टाचेमागचा आखडलेला स्नायुबंध कातडीला लहानसे छिद्र पाडून आतल्या आत कापण्याची श्ट्रोमायर ह्यांची रीत होती. तिने लिटल ह्यांचे पाऊल सरळ झाले, आणि त्यांनी उरलेले आयुष्य अशाच व्यंगांच्या चिकित्सेस वाहिले. लंडनमध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालय स्थापण्यात त्यांचाच पुढाकार होता.

तेथे त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांत एक निराळाच वर्ग त्यांना आढळू लागला. ह्या मुलांची हाडे सरळ होती, पण हातापायांचे स्नायू ताठर होते. मातांना खोदून विचारता बहुतेकींच्या तोंडून एकच कथा बाहेर पडे: प्रसूती अवघड झाली होती, मूल अपुऱ्या दिवसांचे होते, किंवा ते जन्मताच रडले नव्हते. अशी सुमारे 200 मुले पाहिल्यानंतर 1861 च्या ऑक्टोबरात लिटल ह्यांनी लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळापुढे आपला प्रसिद्ध निबंध वाचला. जन्मताच गुदमरलेले मूल एक तर दगावते, नाही तर पूर्ण बरे होते, असा तत्कालीन वैद्यांचा समज होता. तिसरीही एक गती आहे, मूल जगते पण त्याच्या मेंदूला इजा राहून जाते, असे लिटल ह्यांनी प्रतिपादन केले. हा विकार पुढे ‘लिटलचा रोग’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला.

ह्या निबंधात एक मौजेचा दाखला आहे. आपल्या मताला आधार म्हणून लिटल ह्यांनी शेक्सपियरच्या नाटकातील तिसऱ्या रिचर्ड राजाकडे बोट दाखविले. तो वेळेपूर्वी जन्मला म्हणून कुरूप झाला, असे नाटककाराने त्याच्याच तोंडून वदविले आहे. पुढे 2012 साली लेस्टर येथे खऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला. त्याच्या पाठीचा कणा वाकलेला होता खरा, पण ती वक्रता जन्मजात नसून वाढत्या वयात आलेली होती, असे तपासणीअंती ठरले. जन्मघटकेवर ठेवलेला तो आरोप खोटा निघाला!

लिटल ह्यांचे ऋण लहान नाही. पूर्वकर्म, ग्रहदशा, दृष्ट ह्यांच्या हवाली केलेले मूल त्यांनी वैद्यकाच्या कक्षेत आणले. परंतु त्यांच्या अनुमानात एक छिद्र होते, आणि ते दाखविणारा मनुष्य पुढे अगदी वेगळ्याच कारणाने जगप्रसिद्ध झाला. तो म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. मनोविश्लेषणाकडे वळण्यापूर्वी फ्रॉइड हे मज्जासंस्थेच्या विकारांचे वैद्य होते, आणि व्हिएन्नातील मुलांच्या एका दवाखान्यात त्यांनी कित्येक वर्षे काम केले होते. 1897 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी साधाच प्रश्न केला. अवघड प्रसूतीतून आलेली असंख्य मुले धडधाकट निपजतात, आणि सुखरूप प्रसूतीतून आलेली काही मुले पांगळी राहतात, हे कसे? ह्यावरून त्यांनी अशी शंका प्रकट केली की, कित्येकदा गर्भातच काही बिघाड झालेला असावा, आणि प्रसूतीची अडचण हे त्या बिघाडाचे कारण नसून त्याचेच एक लक्षण असावे.

ही शंका फारशी कोणी मनावर घेतली नाही. लिटल ह्यांचे स्पष्टीकरण सोपे होते, डोळ्यांना दिसणारे होते, आणि त्यात दोष देण्यास कोणीतरी समोर उभे असे. 1953 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टर व्हर्जिनिया ॲपगार ह्यांनी नवजात मुलाला दहापैकी गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ह्या मुलाला तातडीची मदत हवी काय, एवढेच ठरविणे हा तिचा हेतू. पण पुष्कळांनी तिला भविष्य सांगणारी पत्रिकाच बनविले.

निर्णय व्हावयास मोठे प्रमाण लागते. ते अमेरिकेत जमले. 1959 ते 1966 ह्या काळात तेथील बारा रुग्णालयांत 50,000 हून अधिक गरोदरपणांची नोंद करून मुलांचा सातव्या वर्षापर्यंत मागोवा घेण्यात आला. कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग ह्यांनी ह्या नोंदी तपासल्या. 1981 साली त्यांनी दाखविले की, पुढे सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांपैकी 73 टक्क्यांना जन्मानंतर पाचव्या मिनिटाला सात ते दहा गुण, म्हणजे चांगलेच गुण, मिळाले होते. 1986 साली त्यांनी अशा 189 मुलांचा हिशेब मांडला. गुदमरल्याची खूण 40 मुलांत होती. आणि त्यांतही दुसरे कोणतेही मोठे जन्मजात व्यंग नसलेली मुले केवळ 17 होती. फ्रॉइड ह्यांची शंका जवळजवळ नव्वद वर्षांनी खरी ठरली. दरम्यान, प्रसूतीच्या वेळी गर्भाच्या हृदयाचे ठोके यंत्राने टिपण्याची सोय झाली, पोट चिरून होणाऱ्या प्रसूती कितीतरी वाढल्या. तरी पूर्ण दिवसांच्या मुलांतील ह्या विकाराचे प्रमाण काही दशके घटले नाही.

ह्याचा अर्थ जन्मघटका सर्वस्वी निर्दोष ठरली, असा मात्र नव्हे. अपुऱ्या दिवसांचा जन्म हे मोठे कारण आहे, हे लिटल ह्यांचे म्हणणे आजही टिकून आहे. प्रसूतीची सोय जेथे दूर आहे, तेथे मुले गुदमरतात, आणि दुर्लक्षित राहिलेली तीव्र कावीळही मेंदूला इजा करते. निष्काळजीपणा झाला असेल, तर त्याची चौकशी झालीच पाहिजे. परंतु प्रत्येक पांगळ्या मुलामागे कोणी अपराधी असलाच पाहिजे, हे गृहीत धरता येत नाही. आणि तो अपराधी म्हणून आईला उभे करणे हा तर अन्यायच होय.

ह्या आरोपाचे दुसरेही एक नुकसान आहे. ‘कोणामुळे झाले?’ ह्या वादात दिवस जातात, आणि ‘आता काय करावे?’ हा प्रश्न मागे पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ज्यात दिल्लीतील मुलेही होती, निरोगी मुले आधाराविना बसण्याचा काळ 3.8 ते 9.2 महिने आणि एकट्याने चालण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने आढळला. एवढी मुभा निसर्गच देतो. तेव्हा शेजारचे मूल आधी चालले म्हणून घाबरू नये. पण ही मर्यादा ओलांडली, किंवा अंग ताठ अथवा अगदीच सैल वाटले, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नये. कोवळ्या वयात सुरू केलेला व्यायाम, बसण्याची योग्य रीत आणि खेळ ह्यांनी मुलाला पुष्कळ साहाय्य होते. अशा मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईत 1972 साली मिठू अलूर ह्यांनी केंद्र उघडले. आणि 2016 च्या कायद्याने मान्य केलेल्या 21 अपंगत्वांत सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे.

लिटल ह्यांनी मातांना विचारलेला प्रश्न वैद्याचा होता. तो आपल्या घरात येऊन फिर्यादीचा झाला. तो पुन्हा वैद्याकडेच सोपवावा, आणि आपण मुलाकडे वळावे, एवढेच हा इतिहास आपल्याला सांगतो.