दोष सुइणींचा की विद्यालयांचा?

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालयात जॉन व्हिट्रिज विल्यम्स (१८६६–१९३१) हे १८९९ पासून प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक आणि १९११ ते १९२३ या काळात अधिष्ठाते होते. १९०३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रसूतिशास्त्रावरील ग्रंथ सुधारलेल्या आवृत्त्यांच्या रूपाने आजही अभ्यासिला जातो. तथापि त्यांच्या कारकीर्दीचे मर्म १९१२ च्या एका लेखात अधिक स्पष्टपणे दिसते.

त्या वेळी अमेरिकेत मातामृत्यूंचे खापर बहुधा सुइणींच्या माथी फोडले जाई. विल्यम्स यांनी १२० वैद्यकीय विद्यालयांतील प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे प्रश्नावली धाडली; ४३ जणांची उत्तरे आली. अध्यासन स्वीकारण्यापूर्वी आपण एकही प्रसूती पाहिली नव्हती, अशी कबुली एका प्राध्यापकाने दिली. सुइणींच्या हातून होणाऱ्या जंतुसंसर्गापेक्षा डॉक्टरांच्या सदोष शस्त्रक्रियांनी अधिक स्त्रिया दगावतात, असे उत्तर देणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिकांचे मत पडले.

लेखाच्या शीर्षकात ‘सुइणींचा प्रश्न’ हे शब्द असले, तरी दोषी ठरली ती वैद्यकीय विद्यालयेच. नवनियुक्त अधिष्ठात्याने आपल्याच व्यवसायबंधूंविरुद्ध असा पुरावा मांडावा, हे धैर्याचे होय. मात्र शिक्षणसुधारणेबरोबरच मोठ्या शहरांतून सुइणींचा व्यवसाय क्रमाक्रमाने बंद करावा, असेही त्यांनी सुचविले. दोष डॉक्टरांच्या शिक्षणात आढळला. परंतु सुचविलेल्या उपायाचा भार सुइणींवरही पडला. विल्यम्स यांच्या थोरवीबरोबर या विसंगतीचीही नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे.