आम्लपित्त व छातीतील जळजळ : आहार आणि विहार

जठरातील आम्लयुक्त रस उलटा अन्ननलिकेत चढल्यामुळे छातीच्या मधल्या हाडामागे आग होते, घशाशी आंबट-कडू पाणी येते व आंबट ढेकरा सुटतात. या त्रासाला बोलीभाषेत ‘पित्त होणे’, ‘ॲसिडिटी’ किंवा नुसते ‘जळजळणे’ म्हणतात. वैद्यकात ‘ॲसिड रिफ्लक्स’ हा शब्द रूढ आहे. जड जेवणानंतर क्वचित असे होणे स्वाभाविक असते. मात्र त्रास वारंवार होऊ लागला, झोप मोडू लागली किंवा अन्ननलिकेच्या अस्तराला इजा झाली की त्याला विकार मानतात. काय खाल्ले यापेक्षा किती खाल्ले, केव्हा खाल्ले आणि खाल्ल्यावर शरीर कोणत्या स्थितीत होते, यांवर हा त्रास अधिक अवलंबून असतो. म्हणून उपचारांत सवयींना पहिले स्थान आहे.

संज्ञा

मराठीत ‘पित्त’ हा शब्द अनेक अर्थांनी वापरला जातो व त्यातून गोंधळ होतो. आयुर्वेदात पित्त हा तीन दोषांपैकी एक आहे. आधुनिक शरीरशास्त्रात पित्तरस म्हणजे यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा, कडू रस. ‘अंगावर पित्त उठणे’ हा त्वचेवर गांधी येण्याचा, वेगळाच विकार आहे. छातीत आग करतो तो प्रामुख्याने जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाचा रस. जठररसात हे आम्ल असते, हे इंग्लिश वैद्य विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. आयुर्वेदात ‘अम्लपित्त’ हा स्वतंत्र रोग म्हणून काश्यपसंहिता व माधवनिदान या ग्रंथांत वर्णिलेला आहे. त्याचे ऊर्ध्वग व अधोग असे दोन प्रकार सांगितले आहेत. आंबट ढेकर, घशा-छातीतील दाह ही त्यातील लक्षणे आजच्या वर्णनाशी जुळतात.

कारणे

अन्ननलिका सुमारे २५ सेंमी. लांब असते. तिच्या खालच्या टोकाशी ३ ते ४ सेंमी. लांबीचा वर्तुळाकार स्नायू झडपेचे काम करतो. घास उतरताना तो सैलावतो आणि लगेच आवळला जातो. छाती व पोट यांना विभागणारे मध्यपटल बाहेरून त्याला आधार देते. जठराचा काही भाग मध्यपटलातील छिद्रातून वर सरकला, तर हा आधार सुटतो. या स्थितीला ‘हायटस हर्निया’ म्हणतात.

घास गिळलेला नसतानाही ही झडप काही सेकंद आपोआप सैल पडते. ढेकर बाहेर पडते ती याच वाटेने. जठराचा वरचा भाग ताणला गेला की असे सैलावणे वाढते, म्हणून पोट तुडुंब भरले की आम्ल वर येण्याचे प्रसंगही वाढतात. शिवाय जेवणानंतर अन्नात न मिसळलेल्या ताज्या आम्लाचा एक थर अन्नाच्या वर, नेमका झडपेपाशी, जमतो. जठराच्या आतल्या बाजूला श्लेष्म्याचे संरक्षक आवरण असते. अन्ननलिकेला तसे नसते, म्हणून आग होते.

बहुतेक रुग्णांत आम्ल प्रमाणाबाहेर तयार होत नसते, ते चुकीच्या जागी पोहोचलेले असते. पोटावरची चरबी, गर्भारपण, घट्ट पट्टा किंवा आवळून बांधलेली नाडी, वाकून ओझे उचलणे यांनी पोटातील दाब वाढतो व आम्ल वर ढकलले जाते. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे झडपही सैलावते. वर आलेले आम्ल गुरुत्वाकर्षणाने खाली जाते आणि गिळलेली लाळ उरलेसुरले निष्प्रभ करते. झोपेत हे दोन्ही आधार जातात: शरीर आडवे असते आणि लाळ जवळपास थांबते. रात्री चढलेले आम्ल म्हणूनच जास्त वेळ रेंगाळते व जास्त इजा करते.

जेवणाचे प्रमाण व वेळ

वाग्भटाने अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पून दोन भाग अन्नासाठी, एक द्रवासाठी व एक वायूसाठी मोकळा ठेवावा, असे सांगितले आहे. झडप कशी काम करते हे लक्षात घेतले तर हा सल्ला आजही योग्य ठरतो. दोन मोठ्या जेवणांऐवजी थोडे थोडे, सावकाश व नीट चावून खाणे, जेवताना तांब्याभर पाणी न पिणे आणि दोन घासांची भूक राखून उठणे, यांनी जठराचा ताण कमी होतो.

रात्रीचे जेवण व झोप यांत किमान तीन तासांचे अंतर असावे. कामावरून उशिरा परतून दहाला जेवायचे आणि साडेदहाला अंथरुणाला पाठ टेकायची, हा शहरांतील क्रम रात्रीच्या जळजळीचे मोठे कारण आहे. वेळ बदलणे शक्य नसेल, तर संध्याकाळी पोटभर खाऊन रात्री मऊ भात व मुगाचे वरण यांसारखे हलके, बेताचे खाणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

उपवासाच्या दिवशी पित्त वाढल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. दिवसभर रिकाम्या पोटी चहा आणि मग एकदम साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी व तळलेले वडे असा बेत झाला की तेल व प्रमाण दोन्ही वाढतात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीत हेच सांगितले आहे. उपवास करायचाच असेल तर फळे, राजगिरा किंवा वरईचा भात अशी बेताची विभागणी सोसते.

पदार्थांची निवड

कोणत्या पदार्थाने त्रास होतो, हे माणसागणिक बदलते. पथ्याच्या लांबलचक याद्या सर्वांना सरसकट लागू करू नयेत. त्यांपायी आहार नाहक निकस होतो. पदार्थ बाधण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या आहेत. स्निग्ध, तळलेले पदार्थ जठरात जास्त वेळ राहतात. चॉकलेट, पुदिना व मद्य झडप सैल करतात. कॉफीने अनेकांना त्रास होतो. सोड्याची पेये वायूने जठर फुगवतात. टोमॅटो, लिंबूवर्गीय फळे व मिरची यांनी आधीच हुळहुळलेले अस्तर चुरचुरते. झणझणीत मिसळीत तर्रीचे तेल, तिखट व तळलेले फरसाण एकत्र येते आणि वर चहा होतो. ती अनेकांना का बाधते, हे यावरून कळते.

आपला पदार्थ ओळखण्यासाठी दोन आठवडे साधी वही ठेवावी. काय, किती व किती वाजता खाल्ले, त्यानंतर केव्हा झोपले, त्रास केव्हा झाला, एवढे लिहिले तरी पुरते. संशयित पदार्थ काही दिवस बंद करून पुन्हा खाऊन पाहावा. दोन्ही वेळा फरक दिसला तरच तो कमी करावा.

थंड दुधाने घटकाभर आराम पडतो. पण त्यातील प्रथिने व कॅल्शियम पुढे आम्लस्राव वाढवतात, म्हणून दूध हा उपचार नव्हे. खाण्याचा सोडा आम्ल मारतो. मात्र त्यातून निघणारा वायू जठर ताणतो आणि सोडियमचा भार रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना घातक ठरू शकतो. ताक, कोकमाचे सार व आवळा स्वतः आंबट असतात. ते काहींना मानवतात, काहींना नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, दुधी, पडवळ, पालेभाज्या व केळे असा कमी तेलाचा, चोथायुक्त आहार बहुतेकांना सोसतो.

विहार

जेवणानंतरची शतपावली उपयुक्त आहे, कारण चालताना शरीर उभे राहते. लगेच धावणे, जोर-बैठका, सूर्यनमस्कार, पुढे वाकण्याची आसने किंवा सर्वांगासन टाळावे.

‘वामकुक्षी’ या शब्दातच डाव्या कुशीचा निर्देश आहे. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो. डाव्या कुशीवर तो अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहतो व आम्ल तिथेच साठते. उजव्या कुशीवर हेच तोंड आम्लात बुडते. म्हणून रात्री डावी कूस हितकर. मात्र वारंवार त्रास होणाऱ्यांनी दुपारी जेवल्याबरोबर आडवे होऊच नये, टेकून बसावे.

पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली १५ ते २० सेंमी. उंचीचे ठोकळे ठेवल्याने रात्रीचा त्रास कमी होतो. जमिनीवर झोपणाऱ्यांनी गादीखाली कंबरेपासून डोक्यापर्यंत चढता उतार करावा. नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान व पोट दुमडते आणि दाब उलट वाढतो.

सवयींपैकी सर्वांत ठोस पुरावा वजन कमी करण्याच्या बाजूने आहे. तंबाखूतील निकोटिन झडप सैल करते आणि धूम्रपानाने लाळेची आम्ल मारण्याची शक्तीही घटते. विडी-सिगारेट इतकाच गुटखा व मशेरीचाही यात विचार झाला पाहिजे. अमेरिकेतील सुमारे ४३,००० परिचारिकांच्या माहितीवरील अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाणात वजन, धूम्रपान नसणे, रोज किमान ३० मिनिटे व्यायाम, चहा-कॉफी-सोडा दोन कपांपर्यंत आणि संतुलित आहार या पाचही सवयी पाळल्यास लक्षणांचे सुमारे ३७ टक्के प्रसंग टळू शकतात, असा अंदाज त्यात निघाला.

औषधे व धोक्याच्या खुणा

सवयी बदलूनही आराम पडला नाही तर औषधे लागतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गटातील गोळ्या जेवणाआधी ३० ते ६० मिनिटे घेतल्या तरच पुरेसा परिणाम करतात. दुकानातून परस्पर आणून त्या महिनोन्‌महिने घेऊ नयेत. पण डॉक्टरांनी दीर्घकाळ सांगितल्या असतील तर मनाने बंदही करू नयेत. वेदनाशामके आणि रक्तदाबाची काही औषधे हा त्रास वाढवतात. तशी शंका आल्यास गोळी स्वतःहून न सोडता डॉक्टरांना विचारावे.

घास अडकणे किंवा गिळताना दुखणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, विनाकारण वजन घटणे, रक्तक्षय ही लक्षणे दिसली तर घरगुती उपाय थांबवून दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. दीर्घकाळच्या दाहाने अन्ननलिकेचे अस्तर बदलते. या बदलाला नॉर्मन बॅरेट या शल्यवैद्यांचे नाव मिळाले आहे व त्यातून थोड्या रुग्णांत कर्करोग उद्भवतो.

हृदयविकाराचा झटकाही कित्येकदा जळजळीसारखाच जाणवतो. छातीत दाबल्यासारखे वाटणे, कळ हात, पाठ किंवा जबड्याकडे जाणे, दरदरून घाम, धाप, चालताना वाढणारे दुखणे यांपैकी काहीही असेल, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन वाट पाहू नये. ताबडतोब रुग्णालय गाठून हृदयाचा आलेख काढावा. हृदयविकार नाही असे डॉक्टरांनी ठरवले, तर पित्ताचा विचार नंतरही करता येतो.