अनोळखी व्यापारी टोकनांचा मूलशोध : सतराव्या शतकातील इंग्लंडच्या संदर्भात

प्रस्तावना

राजसत्तेने पाडलेल्या नाण्यावर राजाचे नाव वा चिन्ह असते; त्यामुळे त्याचे मूळ शोधणे तुलनेने सोपे जाते. व्यापारी टोकनाचे तसे नाही. सुट्या पैशांची टंचाई दूर करण्यासाठी एखाद्या दुकानदाराने काढलेले हे छोटे चलन त्याच्या परिसरापुरतेच चालत असे. तेथील लोक त्याला ओळखत असल्याने टोकनावर पूर्ण नाव-पत्ता देण्याची गरज नेहमीच भासत नसे. जे त्या काळी सर्वांना ठाऊक होते, तेच आज संग्राहकापुढील कोडे ठरते. असे कोडे कोणत्या पुराव्यांनी सुटते व त्यात कोणती दक्षता आवश्यक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात इ. स. १६४८ ते १६७२ या काळातील इंग्लिश टोकनांच्या आधारे केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पहिल्या जेम्स राजाने १६१३ मध्ये लॉर्ड हॅरिंग्टन यास तांब्याचे फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, पाडण्याचा मक्ता दिला. यादवी युद्धाच्या काळात १६४४ मध्ये संसदेने ही फार्दिंग बंद केली. मात्र त्यांच्या जागी पुरेशी दुसरी सोय झाली नाही. पाव, मेणबत्ती वा बिअर विकत घेणाऱ्या गरीब गिऱ्हाइकाची आणि त्याला मोड देणाऱ्या दुकानदाराची त्यामुळे सारखीच अडचण झाली. १६४८ पासून दुकानदारांनी व काही नगरांनी स्वतःच टोकने काढण्यास आरंभ केला. प्रथम फार्दिंग, पुढे अर्धी पेनी व काही ठिकाणी पेनी अशा मूल्यांची ही टोकने होती. त्यांचे दहा हजारांहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने तांब्याची अधिकृत अर्धी पेनी व फार्दिंग चलनात आणून खासगी टोकनांवर बंदी घातली.

टोकनावरील अंतर्गत पुरावा

या टोकनांवर अनेकदा त्रिकोणात मांडलेली तीन अक्षरे आढळतात. वरचे अक्षर आडनावाचे, खालची दोन पती व पत्नी यांच्या नावांची असतात. समजा, वर ‘बी’ आणि खाली ‘आय’ व ‘एम’ आहेत. त्या काळी ‘आय’ व ‘जे’ यांसाठी एकच अक्षर वापरले जाई. म्हणून पतीचे नाव आयझॅकप्रमाणेच जॉन वा जेम्सही असू शकते. पत्नी मेरी की मार्गारेट, हे टोकन सांगत नाही.

व्यवसायाचे चिन्ह हा दुसरा दुवा होय. तराजू, हातमोजा, साखरेचा शंकू अशी चित्रे धंदा सुचवितात. तुर्काचे मस्तक हे कॉफीगृहाचे परिचित चिन्ह होते. लंडनमध्ये पहिले कॉफीगृह १६५२ च्या सुमारास निघाल्याने काळाची पूर्वमर्यादाही त्यातून मिळू शकते. तथापि, चित्र हे कधी धंद्याचे, तर कधी केवळ दुकानावरील पाटीचे असे. मालक बदलला तरी पाटी तीच राहणे शक्य होते. म्हणून चिन्हास एकट्याने निर्णायक मानता येत नाही.

बाह्य साधनांशी पडताळणी

टोकनावरून मिळालेली शक्यता लेखी साधनांत तपासावी लागते. चर्चच्या नोंदवह्यांत विवाह, बाप्तिस्मा व दफन यांच्या नोंदी असतात. १६६२ ते १६८९ या काळात आकारलेल्या चूलकराच्या याद्यांत कुटुंबप्रमुखाचे नाव व घरातील चुलींची संख्या मिळते. मृत्युपत्रांतून धंदा व वारस कळतात. येथे कालगणनेचे भान हवे. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे नोंदवहीतील फेब्रुवारी १६६४ हा आजच्या गणनेने फेब्रुवारी १६६५ ठरतो.

स्थलनामही फसवे असू शकते. न्यूपोर्ट नावाची गावे श्रॉपशायर, एसेक्स व वाइट बेट येथे आहेत. अशा वेळी टोकन कोठे सापडले, ही माहिती मोलाची ठरते. कारण ही टोकने सहसा मूळ गावापासून फार दूर जात नसत. इंग्लंड व वेल्समध्ये अशा वस्तूंची ऐच्छिक नोंद करणारी योजना १९९७ मध्ये सुरू झाल्यापासून या पुराव्यात मोठी भर पडली आहे. याउलट, प्राप्तिस्थानाची नोंद न ठेवता विकलेल्या टोकनाचा महत्त्वाचा साक्षीदार कायमचा हरवतो.

विल्यम बॉइन यांची १८५८ मधील सूची आणि जॉर्ज विल्यमसन यांनी १८८९ ते १८९१ मध्ये काढलेली तिची सुधारित आवृत्ती आजही उपयुक्त आहेत. मात्र सूचीतील निर्देश हा शोधाचा आरंभ मानावा, शेवट नव्हे. एका सूचीत चुकीच्या गावाखाली गेलेले टोकन पुढील सूचीतही तेथेच राहण्याचा धोका असतो.

निष्कर्ष

अंतर्गत खुणा, लेखी नोंद व प्राप्तिस्थान या तिन्हींचा मेळ बसला, तरच मूळ ‘निश्चित’ म्हणावे. एरवी ‘संभाव्य’ हाच शब्द योग्य. ही काटेकोर वृत्ती केवळ संग्रहाच्या नीटनेटकेपणासाठी नाही. राजे व सरदार यांच्या इतिहासात ज्यांना जागा मिळाली नाही, असे मेणबत्तीवाले, किराणा व्यापारी, विधवा दुकानदारिणी आणि पतीच्या अक्षराशेजारी एकाच अक्षराने उरलेल्या स्त्रिया या टोकनांतून समोर येतात. घाईने लावलेले चुकीचे नाव त्यांचे एवढेसे अस्तित्वही दुसऱ्याच्या खाती जमा करते. म्हणून ज्याचे मूळ सिद्ध होत नाही, ते टोकन उपलब्ध पुराव्यांच्या नोंदीसह अनोळखीच ठेवणे, हे संग्राहकाचे इतिहासाप्रती कर्तव्य ठरते.