मार्गशीर्षातली पिलं

बहात्तरच्या दुष्काळाचं बोलणं निघालं की लोक सुकडी, मिलो आणि खडी फोडायची कामं आठवतात. मला या सगळ्यांबरोबर एक तांबडी कोंबडी आठवते. ती आमची नव्हती. वरल्या आळीच्या आत्तीची होती.

आमचं गाव माण तालुक्यातलं. सातारा जिल्ह्याचा हा भाग पावसाला कायमचा पारखा. 1972 साली तर पाऊस पडलाच नाही म्हणायचा. खरीप गेलं, ज्वारीची पेर झाली नाही, जनावरं बाजाराला लागली. आई आणि आप्पा पाझर तलावाच्या कामावर जात. रेशनवर मिळणारी तांबडी मिलो भाकरीला नीट थापत नसे. जिथं माणसाचीच ही गत, तिथं कोंबड्यांना कोण विचारतो? दिवाळीपर्यंत गावातली निम्मी खुराडी रिकामी झाली होती. काही कोंबड्या विकल्या, काही खाल्ल्या.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आई आत्तीकडं गेली. मी तिच्या पदराला धरून.

"आत्ती, तुमची तांबडी खुडूक बसलीया. मला द्या अर्धेलीनं."

"अगं, माणसाला दाणा न्हाई, अन् तू पिलं काढती व्हय?"

"जगली तर तुमची निम्मी. न्हाई जगली तर कोंबडी हाय तशी परत."

अर्धेली म्हणजे निम्मा वाटा. कोंबडी एकीची, राबणं दुसरीचं, पिलं दोघींची. जमीन, बैल, शेळी यांचे वाटे पुरुष ठरवत. कोंबडीचा व्यवहार मात्र बायकांचा. त्याला कागद लागत नसे, साक्षीदार लागत नसे. मीठ, तेल, काडीपेटी आणि पोरांच्या वह्या अंड्यांच्या पैशातूनच यायच्या. गावच्या इतिहासात हा हिशेब कुठं लिहिलेला सापडणार नाही; पण आमच्या वस्तीतली कितीतरी घरं त्याच्यावर तरली.

पिलं काढायचा खरा हंगाम आमच्याकडं दिवाळीनंतरचाच. पावसाळ्यात ओल असते, पिलं गारठून मरतात. उन्हाळ्यात अंडी उष्णतेनं नासतात. सुगीच्या दिवसांत मात्र खळ्यावर दाणे सांडलेले असतात, किडामुंगी असते, दिवसा ऊन कोवळं असतं. त्या साली खळीच नव्हती. तरी आईनं हंगाम सोडला नाही.

तिनं अकरा अंडी जमवली. सहा आत्तीची, पाच आणखी दोन घरांतून उसनी. पाटीत राख, वर भुसा, कडेला विळ्याचा तुटका तुकडा. राखेनं उवा होत नाहीत हे खरं. लोखंड कशासाठी ते आईलाही माहीत नव्हतं. तिची आई ठेवायची म्हणून ती ठेवायची. तांबडी दिवसातून एकदा उठायची, चार दाणे टिपायची, पाणी प्यायची आणि पुन्हा बसायची. चोचीनं अंडी उलटीपालटी करायची. आठव्या दिवशी आईनं एकेक अंडं दाराच्या फटीतल्या उन्हाच्या तिरपीला धरलं. आत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलेला. दोन कोरी निघाली. ती बाजूला काढली.

एकविसाव्या दिवशी, चंपाषष्ठीच्या तोंडावर, कवचाला टिचक्या पडल्या. एक पिलू कवचातच मेलं. आठ बाहेर आली.

पहिला दिवसभर त्यांना काही घालायचं नाही, असं आई म्हणायची. पोटात बलक शिल्लक असतो, त्यावर ती दीड-दोन दिवस काढतात. पुढं कळलं की कोंबड्यांचा सगळा कारखानदारी धंदा याच गोष्टीवर उभा आहे. एक दिवसाची पिलं खोक्यात भरून रेल्वेनं, एसटीनं लांब पाठवता येतात ती या बलकामुळंच.

तिसऱ्या दिवशी चूक माझ्याकडून झाली. मित्राला पिलं दाखवायची म्हणून दिवस उगवायच्या आत मी डालगं उचललं. तांबडी बाहेर पडली, पिलं तिच्या मागं. माळावरचं मार्गशीर्षातलं वारं. दोन पिलं ताठ झाली. आईनं ती चुलीपुढच्या कोमट राखेत ठेवली. एक हललं. दुसरं हललं नाही. आई मला मारेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "त्यातलं निम्मं आत्तीचं हुतं."

तिथून दाण्याची जबाबदारी माझी. घरात दाणा नव्हताच. फुटक्या मडक्यात ओलं शेण आणि गोणपाटाचा तुकडा भरून ते रात्री वारुळाजवळ पालथं घालायचं. सकाळी आत वाळवी भरलेली. मडकं झटकलं की पिलं तुटून पडत. पोटाला पुरेल एवढं पाणीसुद्धा लांबून आणावं लागे; त्यातलंच ओंजळभर शेणाला. एक पिलू घारीनं नेलं. सहा जगली. तीन आत्तीची, तीन आमची.

चैत्रात मानमोडी आली. माना वाकड्या, हिरवी हगवण, दोन दिवसांत वस्ती रिकामी. आमच्या तिन्हींतली एक पुलगी राहिली, आत्तीची एकही नाही. आईनं त्या पुलगीची पहिली अंडी आत्तीच्या घरी पोचवली. अर्धेली तर संपली होती, तरी पोचवली.

या मानमोडीचं पुस्तकातलं नाव राणीखेत. 1927 च्या सुमारास हिमालयातल्या राणीखेतजवळ ती नोंदली गेली, म्हणून हे नाव. मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत तिच्यावरची लस 1940 च्या दशकातच तयार झाली होती. पण लस थंडाव्यात ठेवावी लागते. आमच्या वस्तीत वीजच नव्हती, तर बर्फ कुठला? औषध देशात होतं, वाडीत नव्हतं.

त्याच काळात दुसरीकडं नवं युग सुरू झालं होतं. 1971 साली बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली; पुढं पुणे तिचं मुख्य ठाणं झालं. 1982 साली अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती उभी राहिली. अंडं शहरात स्वस्त आणि बारमाही झालं, हे मोठंच काम. पण पिंजऱ्यातली पांढरी कोंबडी खुडूक बसत नाही. बसणं तिच्या जातीतून काढूनच टाकलेलं असतं. उबवायचं काम यंत्राकडं गेलं, आणि त्याबरोबर हिशेबही बाईच्या पदरातून गेला. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा मोठ्या शेडांबरोबर आसपासच्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या.

आता आमच्या घरी वहिनी दिवाळीनंतर गावरान कोंबडी बसवते. सातव्या दिवशी पिलांच्या डोळ्यात लासोटाचा थेंब टाकते. शीशी फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात. पाटीत राख असते, विळ्याचा तुकडाही असतो. आणि दिवस वर आल्याशिवाय डालगं उचलायचं नाही, हे नातवंडांना सांगायचं काम माझ्याकडं आहे.