कृष्णेचा खुद्री, कावेरीचा आखाडा

सातारा-सांगलीत एकास एक लढत म्हणजे कुस्तीच. पण गळाला लागलेला महासीर मासाही मल्लासारखाच झुंजतो. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये मुळा-मुठेतल्या महासीराचं वर्णन केलं आणि 'खुद्री' हे इथलंच नाव शास्त्रात नेलं. भूगोलाच्या तासाला घोकलेलं आठवतंय ना? मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे मासा आपल्याच खोऱ्यातला.

कावेरीचा महासीर वेगळा, कुबडवाला आणि अवाढव्य. १९४६ मध्ये कबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी गळाने १२० पौंडांचा मासा काढला. पुढे मासे घटले. टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून खुद्रीची पैदास होऊ लागली आणि तिथली बोटुकली कावेरीत सोडली गेली. हेतू चांगलाच होता. खुद्री तिथे फोफावला, कुबडवाला मागे पडला. सगळा दोष खुद्रीचा नाही. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारीही आहेच. तरी आपल्या पैलवानाने परमुलखात मारलेल्या या मैदानाला माझ्याच्याने टाळी वाजवत नाही. कुबडवाल्याचं शास्त्रीय नाव 'टोर रेमादेवी' असल्याचं २०१८ मध्ये ठरलं. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला.