डबा, ओझे आणि ऑर्डर

दुसऱ्याचे जेवण वेळेवर पोचवून स्वतःचे घर चालवता येते का? मोबाइलवरच्या अ‍ॅपसाठी मोटारसायकल पळवणारी मुले आणि त्यांचे आईवडील आज हा प्रश्न विचारतात. कोणी म्हणतो, महिन्याला पंचवीस हजार सुटतात. कोणी म्हणतो, पेट्रोल आणि गाडीचा हप्ता गेला की हाती काही उरत नाही. मुंबईला मात्र हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे. एका फेरीला किती पैसे मिळतात, एवढ्यावर त्याचे उत्तर कधीच ठरले नाही. रिकामा वेळ, वाहनाची झीज आणि आजारपण यांचा भार कोण उचलतो, यावर ते ठरत आले.

१८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसे जमवून मुंबईत डबे पोचवण्याचे काम सुरू केले, असे सांगितले जाते. शहर वाढत होते. घर एकीकडे आणि कचेरी दुसरीकडे, अशी स्थिती होती. नाना जातिधर्मांच्या लोकांना जेवण मात्र आपापल्या घरचेच हवे होते. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेल्या, फारसे न शिकलेल्या माणसांनी ही गरज ओळखली. पुढे १९५६ मध्ये त्यांच्या संघटनेची ट्रस्ट म्हणून नोंदणी झाली. करोनापूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवत होते.

डब्यावरच्या खुणा आणि वक्तशीरपणा यांचे कौतुक पुष्कळ झाले. १९९०नंतर तर व्यवस्थापनाच्या वर्गांतही ते होऊ लागले. त्यांच्या हिशेबाकडे तितके लक्ष गेले नाही. ग्राहक महिन्याचे ठरावीक पैसे देतो. गटाचा मुकादम ते जमा करतो. रेल्वेचा पास, सायकल, हातगाडी असा खर्च वजा होतो आणि उरलेले पैसे गटात वाटले जातात. आज एखाद्याच्या वाट्याला कमी डबे आले म्हणून त्याची चूल विझत नाही. कोणी आजारी पडला, तर दुसरा त्याची लाइन सांभाळतो. चैत्रात गावच्या जत्रेला सगळे एकदम सुट्टीवर जातात आणि ग्राहक ते मान्य करतो.

या व्यवस्थेलाही मर्यादा होत्या. गटात शिरायला नात्यागोत्याची किंवा गावची ओळख लागे. परप्रांतातून आलेल्या तरुणाला तिथे सहज दार उघडत नसे. शिवाय सारा डोलारा लोकलवर उभा होता. २०२० च्या मार्चमध्ये लोकल थांबल्या आणि डबेही थांबले. पुढे अनेक कचेऱ्यांनी घरून काम करण्याची मुभा दिली, तेव्हा बरेच ग्राहक परतलेच नाहीत.

याच मुंबईत दुसरा एक प्रयोग झाला, तो ओझे वाहणाऱ्यांचा. बाजारपेठेत आणि गोदीत पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगारांना एक मालक नव्हता. आज या व्यापाऱ्याचा माल, उद्या त्या व्यापाऱ्याचा. त्यामुळे रजा, भविष्यनिर्वाह निधी किंवा औषधपाण्याचा खर्च द्यायची वेळ आली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवी. अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे स्थापन झाली. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही द्यायची. त्या पैशातून कामगाराच्या सोयीसवलती भागवायच्या. ठरावीक मालक नाही म्हणून जबाबदारीही नाही, हा युक्तिवाद या कायद्याने मोडीत काढला.

आता अ‍ॅपकडे येऊ. झोमॅटोची सुरुवात २००८ मध्ये हॉटेलांची मेनूकार्डे इंटरनेटवर देण्यापासून झाली. जेवण पोचवण्याचे काम तिने २०१५ मध्ये हाती घेतले. स्विगी २०१४ मध्ये बंगळूरला सुरू झाली. इथे दार सर्वांना उघडे असते. वाहन, लायसन्स आणि मोबाइल असला की काम मिळते, आणि ही काही लहान गोष्ट नाही. पण पैसे ऑर्डरवर मिळतात. गाडी, पेट्रोल आणि दुरुस्ती ज्याची त्याची. ग्राहक कंपनीचा असतो आणि दरही कंपनीच ठरवते.

२०२५ च्या डिसेंबर अखेरीस या कामगारांच्या संघटनांनी संपाची हाक दिली. त्यानंतर झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी काही आकडे जाहीर केले. २०२५ मध्ये टिप वगळता ताशी सरासरी कमाई १०२ रुपये होती. रोज दहा तास आणि महिन्याला २६ दिवस काम केले, तर सुमारे २६,५०० रुपये होतात. पेट्रोल आणि देखभालीचे वीस टक्के वजा जाता २१ हजार उरतात. आकडे कंपनीचेच आहेत, ते खरे धरून चालू. पण ही कमाई दिवसाला दहा तासांची आहे. आठ तासांचा दिवस धरला, तर याच दराने हाती सतरा हजारांच्या आत रक्कम येते. त्यातून गाडीचा हप्ता गेलेला नाही, आणि पाय मोडला तर दोन महिने चूल कशी पेटणार, याची तरतूदही यात नाही. याच आकड्यांनुसार सरासरी माणसाने वर्षात फक्त ३८ दिवस हे काम केले. म्हणजे बहुतेकांनी ते अडीनडीचे काम म्हणूनच धरले आणि सोडले.

तसे धरले तर ते परवडते. गाडी आधीपासून घरात आहे, शिक्षण चालू आहे किंवा दुसरी नोकरी मिळेपर्यंत चार महिने काढायचे आहेत, अशा तरुणाला याचा आधार होतो. कर्ज काढून गाडी घ्यायची आणि त्याच कमाईवर संसार मांडायचा, हा व्यवहार मात्र धोक्याचा. त्यात उतरण्यापूर्वी महिनाभर वही ठेवावी. लॉगिन केल्यापासूनचे सगळे तास, पेट्रोल, टायर आणि गाडीची घटलेली किंमत तिच्यात लिहावी. मग ताशी जे उरेल, ती खरी मजुरी.

कायदाही आता जुन्या वाटेने निघाला आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये अशा कामगारांसाठी कायदे केले. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. तिच्यात कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरावी अशी तरतूद आहे. मात्र ही रक्कम कामगारांना दिलेल्या पैशांच्या पाच टक्क्यांहून अधिक असणार नाही. माथाडींच्या लेव्हीचीच ही धाकटी बहीण म्हणायची. फरक एवढाच, की माथाडींची मजुरी मंडळाच्या वहीत येई, आणि दर ठरवताना कामगारांचा माणूस समोर बसलेला असे. डबेवाल्यांच्या गटात तर हिशेब सर्वांसमोर होई. अ‍ॅपवरचा दर कसा ठरतो, हे पोचवणाऱ्याला कळत नाही. तो कळावा आणि ठरवताना त्याचेही ऐकले जावे, एवढे साधले तर काम परवडते का, हा प्रश्न दर महिन्याला नव्याने विचारावा लागणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)