शितावरून दोन भातांची परीक्षा

सांगवी हे मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यातले गाव. आता ते गाव राहिलेले नाही. सकाळी सांगवी फाट्यावर उभे राहिले की पिंपरी, भोसरी, चाकणकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक दिसतात. येथल्या शाळेत शिकवायचे तर वर्गातल्या बऱ्याच मुलांचे पालक या बसमधून जाणारे असतात, हे लक्षात ठेवलेले बरे.

अशाच एका शाळेत आठवीच्या वर्गाबरोबर आम्ही गतिज ऊर्जेचा पाठ घेत होतो. सूत्र फळ्यावर लिहिले तेव्हा वर्ग पेंगत होता. मोटारींच्या धडक चाचणीचे नाव काढले आणि वर्ग जागा झाला. एका मुलीने विचारले, "सर, माझे बाबा हॅरियर आणि सफारीच्या लाइनवर आहेत. दोन्ही गाड्यांना सारखेच मार्क आहेत, ३०.०८. आमच्या शाळेत जुळ्या बहिणी आहेत, त्यांनाही कधी सारखे मार्क पडत नाहीत. मग दोघींपैकी एकीनेच पेपर दिला का?"

प्रश्न नेमका होता. आम्ही त्या दिवशी अर्धवट उत्तर दिले. पूर्ण उत्तर देण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

आधी या परीक्षेचे स्वरूप पाहू. गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका अडथळ्यावर नेऊन आदळतात. अडथळा चेमटणारा असतो आणि गाडीच्या रुंदीचा फक्त ४० टक्के भाग त्यावर आपटतो. रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीशी टक्कर होते तेव्हा साधारण असेच घडते. ताशी ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७.८ मीटर. या वेगाचा वर्ग करून त्याला १९.६ ने भागा (म्हणजे २g ने), उत्तर १६ मीटर येते. पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून गाडी खाली टाकली तर जमिनीला टेकताना तिचा हाच वेग असेल. हे गणित मुलांकडून करून घ्यावे. 'चौसष्टचा स्पीड म्हणजे काहीच नाही' असे म्हणणारी मुले गप्प होतात.

गाडीच्या आत माणसांचे पुतळे बसवलेले असतात. डोके, मान, छाती, मांड्या या ठिकाणी किती बल आणि त्वरण निर्माण झाले ते पुतळ्यांमधली उपकरणे नोंदवतात. त्यावरून गुण देतात आणि गुणांवरून तारे.

चाचणी झालेली गाडी भंगारात जाते. ही परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेली गाडी कोणालाही विकता येत नाही आणि विकली जाणारी कोणतीही गाडी ही परीक्षा दिलेली नसते. काडेपेटीतली काडी ओढून पाहावी तसेच हे आहे. जी पेटली ती संपली, उरलेल्यांबद्दल आपण फक्त अनुमान करतो. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती हीच. शीत दाबून पाहणारी बाई एक गोष्ट गृहीत धरते: पातेल्यातला तांदूळ एकाच जातीचा आहे, पाणी एकच आहे आणि जाळ सगळीकडे सारखा लागला आहे. मग शेजारच्या चुलीवर तोच तांदूळ, तेवढेच पाणी घालून दुसरे पातेले ठेवले असेल, तर त्याचेही शीत काढायला हवे काय?

हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत उभा राहिला. तेथील वाहतूक-सुरक्षा खात्याने १९७९ मध्ये ग्राहकांना माहिती देण्यासाठी गाड्या भिंतीवर आदळून पाहायला सुरुवात केली. वेग होता ताशी ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर. गाड्या खात्याच्या पैशाने घ्यायच्या आणि फोडायच्या, त्यामुळे वर्षाला मोजक्याच गाड्यांची चाचणी शक्य होती. बाजारात मात्र एकच गाडी पाच नावांनी फिरत होती. जनरल मोटर्सने १९८१ मध्ये आणलेली एक लहान गाडी शेव्हर्ले, पाँटियॅक, ओल्ड्समोबाइल, ब्युइक आणि कॅडिलॅक अशा पाच नावांखाली विकली जाई. पुढची जाळी वेगळी, दिवे वेगळे, आतले कापड वेगळे, किंमत तर फारच वेगळी. पत्र्याखालचा सांगाडा तोच. (मुंबईच्या जुन्या टॅक्सीवाल्यांना हे नवीन वाटणार नाही. प्रीमियर पद्मिनीला ते अखेरपर्यंत फियाटच म्हणत.) अशा गाड्यांना तेथे 'कॉर्पोरेट ट्विन्स', म्हणजे एकाच कंपनीची जुळी भावंडे, असे नाव पडले आणि एकीचा निकाल दुसरीलाही लावण्याची पद्धत रूढ झाली. युरोपात १९९७ पासून 'युरो एनकॅप'चे निकाल येऊ लागले, तेथेही हीच पद्धत आली. २०११ मध्ये फोक्सवॅगन अप या छोट्या गाडीला मिळालेले पाच तारे तिच्या स्कोडा आणि सिॲट या दोन भावंडांनाही मिळाले. पुढे कसोट्या कठीण झाल्या आणि २०१९ मध्ये याच गाडीची फेरपरीक्षा झाली, तेव्हा तीन तारे आले. तेही तिघींना वाटून मिळाले. गाडी बिघडली नव्हती, परीक्षा बदलली होती.

आता चाकणला येऊ. आमच्या मते या विषयातला सर्वात शिकवण्याजोगा प्रसंग येथे बनणाऱ्या गाडीचा आहे, आणि तो जुळ्यांच्या अगदी उलट आहे.

जानेवारी २०१४ मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय गाड्यांचे निकाल जाहीर केले: मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो आणि चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगन पोलो. पाचही गाड्यांचे एअरबॅग नसलेले प्रकार तपासले होते. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. वर्तमानपत्रांत 'शून्य' एवढेच आले, पण शून्य-शून्यात फरक होता. अल्टो, नॅनो आणि आय-टेनचा सांगाडाच टकरीत टिकला नव्हता. फिगो आणि पोलोचा सांगाडा टिकून होता. आत माणसाला धरून ठेवणारी, अडवणारी साधने अपुरी होती. तेव्हा पोलोचा दोन एअरबॅगवाला प्रकारही फोडून पाहिला गेला. त्याला चार तारे मिळाले.

कारखाना तोच, नाव तेच, सांगाडा तोच. एका प्रकाराला शून्य आणि दुसऱ्याला चार. त्या काळात शोरूममध्ये जाऊन कोणी 'पोलो किती ताऱ्यांची?' असे विचारले असते तर खरे उत्तर देता येत नव्हते. 'कोणती पोलो?' असा उलट प्रश्नच करावा लागला असता. कंपनीने फेब्रुवारी २०१४ पासून बिनएअरबॅगचा प्रकार विक्रीतून काढून टाकला. आधी विकल्या गेलेल्या गाड्या अर्थातच रस्त्यावर राहिल्या.

निकाल वाटून घ्यायचा तर काय काय सारखे हवे, हे पोलोने दाखवून दिले. सांगाडा सारखा असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. सीटबेल्ट, एअरबॅग आणि त्या उघडण्याची वेळ ठरवणारी यंत्रणा सारखी हवी. गुडघे जेथे आपटतात तो डॅशबोर्डखालचा भाग सारखा हवा. शिवाय वजनही फार वेगळे असून चालत नाही. वजन दहा टक्के वाढले की त्याच वेगाला ऊर्जाही दहा टक्के वाढते आणि ती जिरवायला पुढचा चेमटणारा भाग मात्र तेवढाच राहतो. दारावरचे नाव, दिव्यांचा आकार आणि सीटचे कातडे मात्र हवे तितके वेगळे असावे, पुतळ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

पुढची काही वर्षे आपण भराभर ओलांडू. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्वच मोटारींना ताशी ५६ किलोमीटरची समोरची धडक चाचणी भारतात सक्तीची झाली. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्या प्रवाशाचीही. पोलोसारखा फरक त्यामुळे निदान नव्या गाड्यांत उरला नाही.

जुळ्यांचे युग आपल्या पट्ट्यात खऱ्या अर्थाने आले ते २०२२ मध्ये. चाकणच्या एकाच कारखान्यात, भारतासाठी बेतलेल्या एकाच पायावर, स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या दोन गाड्या तयार होत होत्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने दोघींचा एकत्रच निकाल दिला: प्रौढांसाठी ३४ पैकी २९.६४, मुलांसाठी ४९ पैकी ४२, दोन्हींत पाच तारे. एप्रिल २०२३ मध्ये त्यांच्याच पायावरच्या स्लाव्हिया आणि व्हर्टस या जोडीला २९.७१ गुण मिळाले.

आणि मग त्या मुलीच्या बाबांच्या गाड्या. पिंपरीत बनणारी हॅरियर २०१९ ची, सफारी २०२१ ची. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर दोघींचे सारखे. सफारी मागच्या बाजूला सुमारे सहा सेंटिमीटरने लांब, कारण तिच्यात सीटची तिसरी रांग आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपने दोघींना ३४ पैकी ३३.०५ गुण दिले. त्याच महिन्यापासून 'भारत एनकॅप' ही आपली स्वतःची योजना लागू झाली. तिचे काम भोसरीच्या केंद्रीय सडक परिवहन संस्थेतून चालते, म्हणजे सांगवीहून फार दूर नाही. या योजनेचा पहिलाच निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला, तो याच जोडीचा: दोघींना ३२ पैकी ३०.०८, मुलांसाठी ४९ पैकी ४४.५४. दोन वेगळ्या गाड्या दोनदा फोडल्या तर शतांशापर्यंत तोच आकडा येत नसतो. तेव्हा मुलीचा तर्क बरोबर होता. हा एका पेपराचा निकाल दोघींच्या प्रगतिपुस्तकात लिहिलेला आहे. (३३.०५ आणि ३०.०८ यांची थेट तुलना मात्र करू नये. एक ३४ पैकी आहे, दुसरा ३२ पैकी. बोर्डे दोन आहेत.)

यात फसवणूक आहे काय? आम्हाला तसे वाटत नाही. सहा सेंटिमीटरचा फरक मागे आहे, धडक पुढे आहे. पण एक गोष्ट विसरू नये. समोरच्या धडकेत प्रौढांचे पुतळे पुढच्या दोन सीटवर बसवतात. प्रौढांचे ते ३०.०८ गुण तिसऱ्या रांगेबद्दल फारसे काही सांगत नाहीत, आणि सफारी घेणारा माणूस ती तिसऱ्या रांगेसाठीच घेतो. लग्नाला निघालेल्या गाडीत तेथे कोण बसते ते आपल्याला ठाऊक आहे. जुळी जेथे एकमेकींपासून वेगळी होतात, नेमका तोच भाग वाटून घेतलेल्या आकड्यात दिसत नाही.

सारखे नाव असले म्हणून निकाल वाटता येत नाही, याचे ताजे उदाहरणही हॅरियरचेच. तिचा विजेवर चालणारा प्रकार २०२५ मध्ये आला. बॅटरीमुळे वजन बदलले, पायाही बदलला. तेव्हा तिची स्वतंत्र चाचणी झाली आणि ३२ पैकी ३२ गुण मिळाले. डिझेल हॅरियरचे गुण सफारीशी जुळतात, स्वतःच्या विजेवरच्या नावबहिणीशी जुळत नाहीत. चाकणच्या महिंद्राच्या दोन विद्युत गाड्यांचे तर आणखी मजेशीर आहे. बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या एकाच पायावरच्या, पण वरचा आकार अगदी निराळा. जानेवारी २०२५ मध्ये दोघींचे वेगवेगळे निकाल लागले: एकीला ३१.९७, दुसरीला ३२. तीन शतांशांचा फरक! निकाल वाटून घेतला असता तरी काही बिघडले नसते, असे आता म्हणता येते. पण हे दोन्ही फोडल्यानंतर.

हे सर्व घेऊन आम्ही पुन्हा त्या वर्गात गेलो. निकालपत्रकात तारे पाहण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या, असे मुलांनी ठरवले: कोणता प्रकार फोडला, निकाल कोणकोणत्या प्रकारांना लागू आहे आणि तारीख काय. मग पुठ्ठ्याची खोकी करून आत अंडे बसवायचे आणि दुसऱ्या मजल्यावरून टाकायचे, असा प्रयोग ठरला. दोन गटांनी एकाच मापाची, एकाच पुठ्ठ्याची खोकी केली होती. अंडी वाचवायची म्हणून आम्ही सुचवले की एकच टाकू आणि गुण दोघांना देऊ. पहिले खोके पडले, अंडे फुटले. दुसरा गट लगेच उठला. "सर, आमचे वेगळे आहे. आम्ही कोपऱ्यांत डिंक जास्त लावलाय आणि आत कापूस आहे. आमचे टाकून बघा."

आम्ही ते टाकले. तेही फुटले, पण जरा कमी.